सोलर बसवले, ऊनही कडक आहे, मग वीज कुठे गेली?

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आली आणि आमच्या कपड्याच्या बाजारात सुताच्या भावाबरोबर सोलरच्या भावाचीही चर्चा सुरू झाली. २ किलोवॅटच्या संचाला ६० हजार, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान. बाकीची रक्कम कुणी बँकेतून काढली, कुणी दुकानाच्या भांडवलातून काढली, तर कुणी घरातल्या दागिन्यांवर उचलली. गच्चीवर प्लेटा चढल्या, पेढे वाटले गेले, पहिली दोन-तीन बिले पाहून घरचे खूश झाले. आता तीच माणसे दुकानाच्या ओट्यावर बसून विचारतात, "चाचा, ऊन तर डोके फोडणारे आहे, प्लेटा चमकत आहेत, पण मशीन वीज देत नाही. काय झाले असेल?"

आम्ही इंजिनिअर नव्हे. आमचा धंदा कापडाचा. पण आमच्या घरावर, भावाच्या घरावर आणि ओळखीच्या पाच-सहा व्यापाऱ्यांच्या घरांवर हे संच बसले आहेत. वायरमन आणि कंपनीचे सर्व्हिसवाले येतात तेव्हा आम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक गोष्टीचे कारण विचारतो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी हिशेब पाहू. ३ किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवसात रोज साधारण १२ युनिट वीज देतो. युनिटमागे सरासरी ८ रुपये धरले तर दिवसाला ९६ रुपये झाले. संच एक महिना बंद राहिला तर जवळजवळ २,९०० रुपयांचे नुकसान. बँकेचा हप्ता मात्र एक दिवसही थांबत नाही. पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे जीव. बंद पडलेला संच सुरू करण्याच्या घाईत घरातला तरुण मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गच्चीवर जातो, आणि तिथे जी वीज असते ती घरातल्या विजेसारखी नसते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे. ज्याला बाकीचे वाचायला फुरसत नसेल त्याने तेवढे तरी वाचावे.

'इन्व्हर्टर' या शब्दाचा गोंधळ

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटले की डोळ्यांपुढे बॅटरी येते. लाईट गेली की पंखा चालू ठेवणारा तो डबा. सोलरचा इन्व्हर्टर हा निराळा प्राणी आहे. योजनेतून घराघरावर बसलेले बहुतेक संच 'ऑन-ग्रिड' आहेत, म्हणजे त्यांना बॅटरी नसते. प्लेटांतून एकाच दिशेने वाहणारी वीज, जिला डीसी म्हणतात, ती या मशीनमध्ये येते. मशीन तिची घरात चालणारी एसी वीज बनवते आणि वीज कंपनीच्या तारेतल्या विजेशी ताल जुळवून तिच्यात मिसळते. ताल जुळवायला समोर दुसरा पाहिजे. कंपनीची लाईट गेली की मशीनलाही थांबणे भाग पडते.

"दिवसा लाईट गेली तर सोलर चालायला पाहिजे, आम्हाला फसवले" अशी तक्रार आम्ही कितीदा ऐकली त्याची गणती नाही. यात मशीनची खराबी नाही. खांबावर लाईनमन काम करत असेल आणि तुमच्या गच्चीवरून तारेत वीज उतरत राहिली तर त्या बिचाऱ्याचे काय होईल? म्हणून लाईट जाताच मशीन क्षणात स्वतःला तोडून घेते. लाईट परत आल्यावरही लगेच सुरू होत नाही. कंपनीची वीज स्थिर आहे की नाही हे एक ते पाच मिनिटे तपासते, मगच जोडून घेते. ज्या मोहल्ल्यात दर अर्ध्या तासाला लाईट जाते-येते, तिथे ही पाच-पाच मिनिटे जमा होऊन दिवसाचे दोन-तीन युनिट सहज खातात. विकणाऱ्याने हे आधी सांगितले नसेल तर दोष त्याचा आहे.

ज्यांना लाईट गेल्यावरही वीज हवी त्यांनी बॅटरीवाला 'हायब्रिड' संच घ्यावा. तो महाग पडतो. आणि ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी एक गोष्ट वायरमनकडून नक्की करून घ्यावी. जनरेटर सुरू असताना ऑन-ग्रिड इन्व्हर्टर त्याच तारेवर राहता कामा नये. नाहीतर मशीन जनरेटरलाच वीज कंपनी समजून त्याच्यात वीज ढकलू लागते आणि दोन्हींपैकी एक जळते.

मशीन मेले आहे की थांबले आहे?

पॉवरलूमवाल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. मागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तेव्हा आपण माग बिघडला असे म्हणत नाही, धागा कुठे तुटला ते पाहतो. सोलरचा इन्व्हर्टरही असाच आहे. आमच्या पाहण्यात जितकी मशीन 'बंद' पडली त्यांतली बहुतेक स्वतः ठीक होती. बाहेर काहीतरी गडबड होती आणि मशीन समजून-उमजून थांबले होते. तरीसुद्धा लोक सरळ "मशीन बदलून द्या" म्हणून भांडायला जातात.

म्हणून पहिले काम म्हणजे दिवसाउजेडी, सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान, मशीनसमोर उभे राहून त्याचा पडदा आणि दिवे पाहणे. रात्री पडदा काळा असेल तर घाबरू नये, बहुतेक मशीन प्लेटांच्याच विजेवर जागी होतात आणि सूर्य मावळला की झोपतात. दिवसा तीन हालती दिसतात. पडदा पूर्ण काळा, म्हणजे प्लेटांकडून वीज मशीनपर्यंत पोहोचतच नाही, किंवा क्वचित मशीन खरोखर गेले आहे. पडदा चालू पण लाल दिवा आणि काही आकडा किंवा शब्द, म्हणजे मशीन थांबण्याचे कारण सांगत आहे. पडदा चालू, हिरवा दिवा आणि वॉटचा आकडाही दिसतो, म्हणजे वीज बनते आहे आणि घोटाळा फक्त मोबाईलमध्ये किंवा मीटरमध्ये आहे.

लाल दिव्याचा आकडा मोबाईलने फोटो काढून ठेवावा, वेळेसकट. प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे असतात, त्यांचा तक्ता मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत असतो. ती पुस्तिका बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते.

यानंतर एकदाच मशीन बंद करून सुरू करून पाहायला हरकत नाही. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी एसी बाजूचा एमसीबी खाली करावा, मग डीसीचा खटका बंद करावा. पाच मिनिटे थांबावे, कारण आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. मग आधी डीसी, नंतर एसी सुरू करावे. पुस्तिकेत निराळा क्रम दिला असेल तर तोच खरा मानावा. त्यानंतर हात मागे घेऊन दहा मिनिटे वाट पाहावी. काही भाऊ टीव्हीच्या रिमोटसारखे दहा वेळा चालू-बंद करतात, त्याने काही साधत नाही.

एसीचा एमसीबी वर केल्याबरोबर परत पडत असेल तर त्याला जबरदस्तीने वर धरू नये. तिथे शॉर्ट आहे, गळती आहे किंवा खटका स्वतः खराब झाला आहे. ते वायरमनचे काम.

व्होल्टेज जास्त, वीज शून्य

पडद्यावर सर्वांत जास्त दिसणारी तक्रार ग्रिडची असते. 'नो ग्रिड' किंवा 'नो युटिलिटी' लिहिले असेल आणि घरात लाईट असेल, तर मशीन आणि मीटर यांच्यामध्ये कुठेतरी तार तुटली आहे, एमसीबी पडला आहे किंवा न्यूट्रल सुटला आहे. हे सोपे आहे. खरी डोकेदुखी 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' ही आहे, आणि आमच्या गावांत तिचे प्रमाण मोठे आहे.

नियमाप्रमाणे घरच्या मीटरवर २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट वीज यायला पाहिजे. इन्व्हर्टरला एक वरची हद्द घालून दिलेली असते. मशीनप्रमाणे आणि सेटिंगप्रमाणे ती वेगवेगळी असते. ती ओलांडली की मशीन थांबते. आता मालेगावसारख्या गावाचा विचार करा. जुम्म्याच्या दिवशी माग बंद, सायझिंग बंद. डीपीवरचा भार एकदम उतरतो आणि व्होल्टेज चढते. त्याच दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि गल्लीतले आठ-दहा सोलर एकाच वेळी त्या तारेत वीज ढकलत असतात. मग मशीन सुटते, पाच मिनिटांनी जोडते, पुन्हा सुटते. आमच्या एका सायझिंगवाल्या दोस्ताने वही उघडून दाखवली, शुक्रवारचे युनिट बाकी दिवसांच्या जेमतेम अर्धे होते. तोपर्यंत तीन वेळा मिस्त्री येऊन प्लेटा धुऊन गेला होता. प्लेटांचा काय दोष?

हा दोष तुमच्या तारेचा की कंपनीच्या लाईनचा, हे ओळखण्याची एक चाचणी आहे. ती वायरमनकडून करून घ्यावी. भर दुपारी मशीनचा एसी खटका बंद करून येणाऱ्या तारेचे व्होल्टेज मोजायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. मग मशीन सुरू करून ते पूर्ण जोरात असताना पुन्हा मोजायचे. एकदा मशीनजवळ आणि एकदा मीटरजवळ. मशीन बंद असतानाच २४८ किंवा २५० दिसत असेल तर वीज कंपनीची लाईन चढलेली आहे. बंद असताना २३८ आणि सुरू असताना मशीनजवळ २५४, पण मीटरजवळ २४१, असे असेल तर वाढ तुमच्या घरातल्या तारेत होत आहे. मीटरजवळही तितकेच चढत असेल तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर किंवा तिचा जोड कमकुवत आहे.

तारेत व्होल्टेज का चढावे? चिंचोळ्या नळीतून पाणी ढकलायला जास्त जोर लागतो, तसेच हे आहे. ३ किलोवॅटचे मशीन साधारण १३ अँपिअर ढकलते. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि ठेकेदाराने पैसे वाचवायला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली असेल, तर जाऊन-येऊन जवळजवळ ६ व्होल्ट त्या तारेतच चढतात. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची असती तर अडीच व्होल्टही चढले नसते. साडेतीन व्होल्टचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण मशीन हद्दीच्या काठावर उभे असेल तेव्हा दुपारभराची वीज त्यावरच ठरते. कापडात आम्ही पन्ह्याचा एक इंच कमी आला तर गठ्ठा परत करतो. तार घेताना मात्र कुणी जाडी विचारत नाही!

लाईनच चढलेली असेल तर वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा. तारीख, वेळ आणि मोजलेले आकडे लिहावे, शक्य तर शेजारच्या सोलरवाल्यांच्या सह्या घ्याव्या. ट्रान्सफॉर्मरवरचा टॅप बदलून व्होल्टेज खाली आणता येते, किंवा एका फेजवरची गर्दी दुसऱ्या फेजवर वाटता येते. तोंडी तक्रारीला उत्तर मिळत नाही, हा तर आमचा जुना अनुभव आहे. अर्जाची पोच घ्यावी. पोच असेल तर पुढे कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि शेवटी विद्युत लोकपालाकडे जाता येते. २००३ च्या वीज कायद्याने हा रस्ता दिला आहे. पोच नसेल तर पहिल्याच पायरीवर अडकाल.

काही मिस्त्री दुसरा इलाज सुचवतात. मशीनमध्ये पासवर्ड टाकून ते वरची हद्द वाढवून देतात. मशीन लगेच चालू होते आणि मिस्त्री पाचशे रुपये घेऊन जातो. पण व्होल्टेज तर खाली आले नाही! तेच २६० व्होल्ट घरातल्या फ्रीजला, टीव्हीला आणि शिलाई मशीनच्या मोटारीलाही जात राहते. हद्द बदलायची असेल तर इन्व्हर्टर कंपनीचा माणूस, नियमात बसेल तेवढीच, आणि लेखी नोंद करून. याला आमच्याकडे दुसरे मत नाही.

न्यूट्रल ढिला असण्याचा प्रकार याहून वाईट. व्होल्टेज कधी १९०, कधी २७० असे नाचू लागले, दिवे एकदम प्रखर होऊन मंद होऊ लागले, तर सोलरचा विचार बाजूला ठेवून मेन स्विच बंद करावा आणि लाईनमनला बोलवावे. खांबावर न्यूट्रल सुटला की पूर्ण गल्लीतली उपकरणे जळू शकतात.

गच्चीवरची वीज निराळी आहे

पडदा दिवसाही काळा असेल किंवा 'पीव्ही व्होल्टेज लो' दिसत असेल तर कारण प्लेटांच्या बाजूला आहे. घरातली एसी वीज एका सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते. त्यामुळे खटका उघडताना ठिणगी पडली तरी तिचा दम तुटतो. प्लेटांची डीसी वीज कधी शून्यावर येत नाही. चालू तार ओढून वेगळी केली की दोन टोकांमध्ये जळती जिभळी उभी राहते आणि ती प्लास्टिक, पत्रा, चामडी काही पाहत नाही. शिवाय या प्लेटा एकामागे एक अशा साखळीत जोडलेल्या असतात. आजकालच्या ५४० वॉटच्या एका प्लेटेचे मोकळे व्होल्टेज सुमारे ४९ असते. सहा प्लेटा जोडल्या की जवळजवळ ३०० व्होल्ट होतात. खालून मेन स्विच बंद केला, वीज कंपनीची लाईट गेली, तरी ऊन आहे तोवर त्या तारांत हे ३०० व्होल्ट उभेच असतात. त्यांना बंद करायला सूर्यावर खटका नाही.

म्हणून घरच्यांनी फक्त तीन गोष्टी पाहाव्या. डीसी खटका चालू आहे का, कारण गच्चीवर खेळणारी मुले किंवा टाकी साफ करणारा माणूस तो फिरवून जातो. दुसरे, डीसी डब्याला जळका वास किंवा काळे डाग आहेत का. तिसरे, तारा लोंबत आहेत का, उंदराने किंवा माकडाने कुरतडल्या आहेत का. हे सगळे डोळ्यांनी पाहायचे, हात लावायचा नाही. प्लेटांना जोडणारे काळे कनेक्टर, ज्यांना एमसी-फोर म्हणतात, ते मशीन चालू असताना कधीही ओढू नयेत.

पुढचे काम जाणकार माणसाने करायचे. तो डीसीचे व्होल्टेज मोजेल. शून्य आले तर फ्यूज उडाला आहे किंवा साखळीतला एखादा कनेक्टर सुटला अथवा जळला आहे. साखळी असल्यामुळे एक कडी तुटली की सगळीच वीज बंद, ताण्यातला एखादा धागा तुटल्यासारखे नाही की बाकी कापड विणले जाईल. आकड्यापुढे वजाबाकीचे चिन्ह आले तर तारा उलट्या जोडल्या आहेत. हे नव्या संचात किंवा दुरुस्तीनंतर होते, आणि अशा वेळी मशीन सुरू करण्याचा हट्ट करू नये.

जळलेल्या कनेक्टरचे कारण बहुतेकदा एकच असते. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी. दिसायला सारखे, बसतातही, पण आतून पक्के धरत नाहीत. दोन-तीन उन्हाळ्यांत तापून वितळतात. दुसरी बचत डीसी डब्यात केलेली असते, डीसीच्या एमसीबीऐवजी घरातला साधा एसी एमसीबी बसवलेला. त्यात पाचशे रुपये वाचतात आणि आगीचा दरवाजा उघडा राहतो. संच ताब्यात घेताना डब्याचे झाकण उघडायला लावून, एमसीबीवर डीसी असे छापले आहे का ते आपल्या डोळ्यांनी वाचावे.

पावसाळ्यातली सकाळ

'आयसोलेशन फॉल्ट' किंवा 'इन्सुलेशन लो' हा आजार पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळी उठतो. रोज सकाळी सुरू होण्याआधी मशीन प्लेटांच्या तारा आणि जमीन यांच्यामध्ये कुठे गळती तर नाही हे तपासते. एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी गेले असेल, लोखंडी कैचीच्या धारेवर तारेचे आवरण सोलले गेले असेल, तर गळती दिसते आणि मशीन सुरू व्हायला नकार देते. अकरा वाजता ऊन पडून सगळे वाळले की सुरू होते. मिस्त्री दुपारी येतो, मशीन चालू पाहतो आणि "काही नाही, सगळे ठीक आहे" म्हणून जातो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी सकाळी आठ वाजताच्या पडद्याचा फोटो हाच पुरावा, आणि मिस्त्रीला सकाळीच बोलवावे. "सुरू तर होते ना, मग राहू द्या" असे म्हणू नये. ज्या तारेतून गळती होते तिच्यामुळे ओल्या गच्चीवर प्लेटांच्या लोखंडी चौकटीतही वीज उतरू शकते, आणि तिथे बायका कपडे वाळत घालतात. अर्थिंग नीट आहे का, तिचा खड्डा खरोखर खणला आहे की तार नुसती मातीत खोचली आहे, हेही तेव्हाच तपासून घ्यावे.

धुळीबद्दल थोडेच लिहितो, कारण लोक सगळा दोष तिच्यावरच टाकतात. मागाच्या गावात कापसाची रुई उडते, सायझिंगच्या धुराड्यांची काजळी बसते. प्लेटा पंधरा दिवसांनी धुवाव्या हे खरे. पण धुळीने वीज कमी होते, शून्य होत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीचेही तसेच. धुवायचे ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये आणि प्लेटेवर पाय ठेवू नये. मशीन पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगले असेल, किंवा चोरीच्या भीतीने लोखंडी पेटीत कोंडले असेल, तर दुपारी ते तापून आपला जोर कमी करते. त्याला सावली आणि मोकळी हवा द्यावी, एवढेच.

शून्य मोबाईलमध्ये की मीटरमध्ये?

बरेचदा वीज बनत असते आणि माणूस उगीच हैराण असतो. मशीन आपले आकडे घरच्या वायफायवरून मोबाईलला पाठवते. घरात नवा राऊटर आला, पासवर्ड बदलला किंवा रिचार्ज संपले की मोबाईलवर शून्य दिसते. परदेशात असलेला मुलगा तिकडून मोबाईल पाहून "अब्बा, सोलर बंद आहे" म्हणतो, आणि इकडे हिरवा दिवा चालू असतो. म्हणून आधी मशीनचा पडदा पाहावा.

मीटरचा मामला जास्त गंभीर. संच बसला पण वीज कंपनीने नेट मीटर अजून लावले नाही, आणि ठेकेदाराने "चालवून पाहा" म्हणून मशीन सुरू करून दिले, असे घडते. अनेक साध्या डिजिटल मीटरना वीज आत येते की बाहेर जाते हे कळत नाही, ती बाहेर गेलेले युनिटही तुमच्याच नावे वापर म्हणून मोजतात. सोलर लावून बिल वाढले अशी जी ओरड ऐकू येते, तिच्या मुळाशी कधीकधी हेच असते. नेट मीटर लागून कंपनीची मंजुरी मिळेपर्यंत मशीन सुरू करू नये. नंतरही महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचे आयात आणि निर्यात असे दोन्ही आकडे आणि मशीनचा एकूण आकडा वहीत उतरवावा. आम्ही तर दुकानाच्या रोजमेळातच एक रकाना वाढवला आहे, रोज संध्याकाळी तिथे सोलरचे युनिट चढतात. त्यामुळे कोणत्या दिवशी घट सुरू झाली ते एका नजरेत दिसते. बिल येईपर्यंत थांबले तर महिना-दीड महिना हातचा गेलेला असतो.

ठेकेदार फोन उचलत नाही तेव्हा

प्लेटांची हमी साधारण २५ वर्षांची, इन्व्हर्टरची मशीनप्रमाणे ५ ते १० वर्षांची असते. ही हमी बनवणाऱ्या कंपनीची आहे, ठेकेदाराची नव्हे. ठेकेदाराने दुकान बंद केले तरी ती बुडत नाही. मशीनच्या बाजूला सिरियल नंबरची पट्टी असते, तिचा फोटो काढून ठेवावा आणि कंपनीच्या टोल-फ्री नंबरावर आपल्या नावाने नोंदणी झाली आहे का ते आजच विचारून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ती ठेकेदाराच्या नावाने निघते किंवा झालेलीच नसते. सूर्यघर योजनेत संच बसवणाऱ्याने ५ वर्षे देखभाल करायची असते, तशी अट करारनाम्यात असते. तो करारनामा ठेकेदाराच्या बॅगेत पडून असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. तो दाद देत नसेल तर योजनेच्या संकेतस्थळावर आपल्या अर्ज क्रमांकाने तक्रार टाकता येते.

तक्रार करताना "सोलर चालत नाही" एवढेच सांगू नये. कोणत्या तारखेपासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, पडद्यावर कोणता आकडा, घरात त्या वेळी लाईट होती का, आदल्या आठवड्याचे रोजचे युनिट किती, हे पाच मुद्दे लिहून फोटोसकट पाठवावे. अशा तक्रारीला "उद्या माणूस पाठवतो" म्हणून टोलवणे अवघड जाते.

नव्याने संच घेणाऱ्यांनी ठेकेदाराची दहा टक्के रक्कम तरी नेट मीटर लागून संच महिनाभर नीट चालेपर्यंत राखून ठेवावी, आणि ही गोष्ट सौदा ठरतानाच कागदावर घ्यावी. गठ्ठा उघडून माल पाहिल्याशिवाय आपण पूर्ण पेमेंट करत नाही, इथेही तोच रिवाज ठेवावा. आणि सर्व्हिसवाला मशीन उघडून काही सेटिंग बदलून गेला तर आधीचा आकडा कोणता होता आणि नंतरचा कोणता केला, हे त्याच्या सहीने आपल्या वहीत लिहून घ्यावे. पुढच्या वेळी येणारा माणूस दुसराच असतो आणि तो पहिला प्रश्न हाच विचारतो.